मोराचा डोळा

तालुक्याहून कागद आला:
‘टाकाऊपासून टिकाऊ. वयोगट तीन ते सहा.
साहित्य परिसरातील. वेळ चाळीस मिनिटे.
फोटो दोन. मुलांचे चेहरे हसरे असावेत.’

आमच्या अंगणवाडीचा परिसर म्हणजे
मागे पोफळी, पुढे पुळण,
मध्ये एक शेवगा आणि त्याला बांधलेली
तांडेलांची शेळी, जी तक्तेसुद्धा खाते.

सोमवारी चुडतं आणली.
हीर काढून पातींचे साप वळले, अठरा.
संध्याकाळपर्यंत सगळे सुकून वाकडे.
हुजैफाने आपला उशाशी घेतला होता,
सकाळी म्हणाला, ‘बाई, म्हातारो झालो ह्यो.’

मंगळवारी पोफळीची विरी.
एकाने बसायचं, दोघांनी ओढायचं,
पुळणीवर मागे रस्ता उमटत जातो.
ईश्वरी पडली, रडली,
वाळू थुंकून म्हणाली, ‘परत!’
हे चाळीस मिनिटांत बसत नाही.
फोटोतही नाही. नुसती वाळू येते.

बुधवारी मात्र मी कागदाला शरण गेले.
पुठ्ठा, फेव्हिकॉल, ओटीभर वेचलेले शंख.
म्हटलं मोर करू. मोर सगळ्यांना आवडतो,
पर्यवेक्षिकाबाईंनाही.
पिसारा लावला, तुरा लावला,
सर्वांत गोल शंख डोळ्याला,
आणि वाळत ठेवून मी खिचडी वाढायला गेले.

आतून ओरड आली,
‘बाई, मोराचो डोळो चलता!’

खरंच. डोळा तोंडावरून उतरून
पिसाऱ्याकडे निघाला होता,
मागे गोंदाची ओली रेघ,
खाली पाय, बारीक, जांभळट.
किती ते कोणी मोजलं नाही.

‘आत कोण तरी रवता,’ ईश्वरी म्हणाली,
हळू,
दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या दारात बोलावं तशी.

मी शाळेत शिकले होते, शंख म्हणजे रिकामं कवच.
रिकामं कोणासाठी, ते पुस्तकात नव्हतं.
हा तर उघड्या पाठीचा जीव,
वाढला की मोठं बिऱ्हाड शोधत हिंडणारा,
आणि आम्ही त्रेचाळीस घरं
पिसाऱ्याला चिकटवून बसलो होतो.

करवंट्यांत पाणी घेतलं.
अठरा जण बोटांनी गोंद सोडवत बसले.
खिचडी निवून गेली. एकतीस सुटले,
बारा हट्टाने राहिले, डोळा धरून नाही.

सुकतीला आम्ही खाली उतरलो.
ओल्या वाळूवर बत्तीस शंख, ओळीने,
दोन ओळींमध्ये गल्ली, शेळीला जाता येईल एवढी,
हे हुजैफाचं म्हणणं.
कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे
दार समुद्राकडे ठेवत होते.

तिथेच तो दिसला, गल्लीच्या टोकाला,
पाठीवर टूथपेस्टचं निळं टोपण.
कोणीच हसलं नाही.
टिकाऊ, टिकाऊ म्हणतात ते हेच असणार.
ते समुद्र रोज फुकट आणून टाकतो,
एका पायाची चप्पल, नायलॉनची दोरी, बुचं.

ईश्वरीने एक शंख त्याच्याजवळ ठेवला.
आम्ही थांबलो. तोही थांबला.
‘सगळ्यांच्या फुड्यात कपडे कसो बदलतलो?’ ती म्हणाली.
मग आम्ही पाठ फिरवली, डोळ्यांवर हात,
वीसपर्यंत मोजलं.
हुजैफा चौदाला चुकला, पुन्हा पाचपासून.

वळलो तेव्हा टोपण तिथेच होतं.
शंख नव्हता.
लाटेनं नेला की तो घालून गेला,
ह्यावर वाडीत अजून भांडण आहे.

कागद भरायचा राहिला होता.
‘तयार झालेली वस्तू’पुढे लिहिलं: गल्ली. भरतीला गेली.
फोटो एकच पाठवला, अठरा पाठमोरी मुलं.
खाली लिहिलं,
चेहरे हसरे होते.